कारखान्याची .22 रायफल 30 मिलिमीटरवरून खाली कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशी बनावटीची बोल्ट-अ‍ॅक्शन .22 रायफल, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वर स्कोप. 50 मीटरवर वाळूच्या पिशवीवर टेकवून 10 गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, 30 ते 35 मिलिमीटर येतो. 60 गोळ्यांत गुण 550 च्या आसपास होतात. क्लबातले एक जण म्हणतात बॅरल बदला, दुसरे म्हणतात बेडिंग, म्हणजे दस्त्यातली बैठक, करून घ्या, तिसरे म्हणतात ट्रिगर हलका करा. पैसे यातल्या एकाच कामापुरते आहेत, तर आधी काय करावं?

आधी यातलं काहीच करू नका. मी गेली अठ्ठावीस वर्षं प्रोन, म्हणजे पालथं झोपून, मारतोय आणि त्यातली वीस तरी क्लबच्या रायफली सांभाळतोय. या काळात बॅरलच वाईट निघाली अशा रायफली मी दोन पाहिल्या. स्क्रू ढिला, दस्ता फुगलेला, चेंबरपुढे, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेपुढे, काजळी बसलेली किंवा बॅरलला न मानवणारा काडतुसांचा लॉट (खेप), अशा रायफली मोजायला बसलो तर वही पुरणार नाही.

30 मिलिमीटर म्हणजे किती वाईट, हे आधी आकड्यांत पाहू. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, 50 मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं. गोळी 5.6 मिलिमीटरची आणि तिची कड रेषेला लागली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिलिमीटरच्या आत पडलं की दहा, 16 च्या आत नऊ, 24 च्या आत आठ. आता असा नेमबाज धरा की त्याच्याकडून तसूभरही चूक होत नाही, वारा नाही, सगळा दोष फक्त रायफल आणि काडतुसाचा. त्याच्या हातात सरासरी 30 मिलिमीटरचा ग्रुप देणारी रायफल असेल तर 60 गोळ्यांत साधारण 24 दहा पडतील आणि एकूण 556 च्या आसपास गुण होतील. 20 मिलिमीटरवर हाच माणूस 580 पर्यंत जातो आणि 15 मिलिमीटरवर 592 च्या जवळ. 2010 साली म्युनिकला तेजस्विनी सावंत यांनी महिलांच्या 50 मीटर प्रोनमध्ये 597 मारून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. 60 गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्या आकड्याशी तुलना करायला नको, पण तुमच्या 550 मधला बराचसा तोटा रायफलच्या बाजूला असू शकतो, हे यावरून कळतं. तुमची शंका रास्त आहे.

आता मोजणीबद्दल. तुम्ही ‘30 ते 35’ म्हणता, ते किती ग्रुपांवरून? 3 गोळ्यांचे ग्रुप मारून रायफल पारखू नका. त्याच रायफलीचा, त्याच काडतुसाचा 3 गोळ्यांचा सरासरी ग्रुप 10 गोळ्यांच्या ग्रुपच्या 63 टक्क्यांएवढाच दिसतो, 5 गोळ्यांचा 80 टक्के. शिवाय 3 गोळ्यांच्या ग्रुपचा आकार नुसत्या योगायोगानेच इतका वर-खाली होतो की एखादा 8 मिलिमीटरचा येतो आणि माणूस तो कागद पाकिटात घालून वर्षभर फिरतो. मला त्या कागदाचं काही वाटत नाही. 10-10 गोळ्यांचे 5 ग्रुप मारा, एका दिवशी, एकाच लॉटने, पुढे एक पिशवी आणि दस्त्याच्या टाचेखाली एक पिशवी घेऊन. सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर केंद्रापासून केंद्रापर्यंत मोजा. पाचही कागदांवर तारीख, लॉट नंबर, तापमान, वारा लिहा. या पाचांची सरासरी हा तुमचा आजचा आकडा. पुढे जे काही कराल ते याच्याशी ताडून पाहायचं आहे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची आहे. एकाच रविवारी स्क्रू आवळले, बॅरल साफ केली, नवा लॉट घेतला आणि ग्रुप सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा बिघडला की पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

कागदांकडे नीट पाहा. ग्रुप गोल पण मोठा असेल तर बहुधा काडतूस. दोन वेगळे पुंजके असतील, म्हणजे सहा इथे आणि चार तिथे, तर काहीतरी हलतंय: अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो धातूचा भाग) दस्त्यात हलते, किंवा माउंट, म्हणजे स्कोपची पकड, किंवा स्कोपच्या आतलं भिंग. उभा लांबट ग्रुप असेल तर गोळीच्या वेगातला फरक, बोथट किंवा तेलकट फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई), नाहीतर पिशवीवर टेकवण्याची जागा दर गोळीला बदलणं. आडवा असेल तर वारा, रायफल कलणं, ट्रिगर बाजूने ओढणं. हे सगळे फक्त इशारे आहेत. डॉक्टर जीभ बघतो, पण तेवढ्यावर ऑपरेशन करत नाही.

पहिलं काम फुकटचं आहे. स्कोपचे रिंग आणि बेस काढा, खाच आणि स्क्रूची भोकं स्पिरिटने पुसा, पुन्हा बसवा आणि छोट्या टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याइतके आवळा. टॉर्क रेंच नसेल तर पैसे खर्च करायची ती पहिली वस्तू. बॅरलच्या किमतीपुढे ती काहीच नाही. त्यानंतर पॅरलॅक्स पाहा, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो का ते. तुमचा स्कोप मूळ शिकारीच्या मोठ्या रायफलीसाठी बनलेला असेल तर त्याचा पॅरलॅक्स 100 यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर बांधलेला असण्याची शक्यता मोठी आहे. 40 मिलिमीटर भिंगाच्या अशा स्कोपमधून 50 मीटरवर नेम घेतलात आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नुसत्या डोळ्याच्या जागेमुळे 9 मिलिमीटरपर्यंत चूक होऊ शकते. दहासाठी मिळणारे ते अख्खे 8 मिलिमीटर आणि वर थोडं. रायफल पिशव्यांवर घट्ट ठेवून, तिला हात न लावता, डोकं वर-खाली, डावीकडे-उजवीकडे हलवा. क्रॉसहेअर टार्गेटवर सरकताना दिसला तर उत्तर मिळालं. फोकस बदलता येणारा स्कोप असेल तर तो 50 मीटरवर आणा. बदलता येत नसेल तर गाल दर वेळी त्याच जागी टेकवायची सवय लावा आणि सवड मिळेल तेव्हा रिमफायरसाठीचा, म्हणजे .22 सारख्या रायफलीसाठीचा, स्कोप घ्या.

दुसरं काम दस्त्याचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या हवेत लाकडी दस्त्याएवढी फसवी वस्तू दुसरी नाही.

रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. 80 जीएसएमचा साधा कागद दुहेरी घडी करून बॅरल आणि दस्त्याच्या पुढच्या भागामधून आत सरकवत न्या. बॅरल पूर्ण मोकळी असेल तर तो अ‍ॅक्शनपर्यंत सरळ जाईल. कुठे अडला तिथे पेन्सिलने खूण करा. मग पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू सावकाश ढिला करताना दुसऱ्या हाताचं बोट बॅरल आणि दस्ता यांच्या सांध्यावर ठेवा. स्क्रू सैल होताना बोटाला बॅरल उचलल्यासारखी जाणवली, तर अ‍ॅक्शन दस्त्यात वाकून बसलेली आहे. दर गोळीला ती थोडी थोडी वेगळी बसते. डायल गेज असेल तर आणखी छान, पण बोट पुरतं.

माझ्या पहिल्या रायफलीचा किस्सा सांगतो. मे महिन्यात मी बॅरल मोकळी करून घेतली होती, कागद सुरळीत फिरत होता, ग्रुप 18-19 वर आला होता. जुलैत एका स्पर्धेत पहिल्याच सिरीजला गोळ्या उजवीकडे जायला लागल्या. मी साइट फिरवत राहिलो, वाऱ्याला दोष देत राहिलो. घरी येऊन कागद घातला तर डाव्या बाजूला दोन इंच अलीकडेच अडला. लाकडाने पावसाची ओल पिऊन डावीकडून बॅरलला खांदा लावला होता. त्या दिवशीची स्पर्धा मी वाऱ्याशी नाही, दस्त्याशी हरलो. तेव्हापासून मी कागदाची चाचणी वर्षातून दोनदा करतो: जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. कोकणात किंवा कोल्हापूरच्या पावसात राहत असाल तर जुलैच्या मध्याला आणखी एकदा करा. मोकळी जागा निदान एक-दीड मिलिमीटर ठेवा, कागदापुरती नको. आणि दस्त्याच्या आतल्या बाजूला, जिथे कारखाना सहसा पॉलिश लावत नाही, तिथे लाकडाला दोन हात चांगलं तेल किंवा व्हार्निश द्या. ओल तिथूनच शिरते.

एक सावधगिरी. बॅरल मोकळी केली की अचूकता वाढतेच, असं सरसकट म्हणतात ते .22 ला नेहमी लागू पडत नाही. काही कारखाने दस्त्याच्या टोकाशी मुद्दाम एक दाबबिंदू ठेवतात आणि हलक्या बॅरलला तो मानवतो. म्हणून लाकूड खरवडण्याआधी स्वस्त प्रयोग करा. बॅरल मोकळी असेल तर टोकाजवळ व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवून दोन ग्रुप मारा. दाबबिंदू असेल तर अ‍ॅक्शनच्या पुढच्या भागाखाली पातळ पत्रा घालून बॅरल किंचित उचला आणि दोन ग्रुप मारा. लाकूड एकदा गेलं की परत येत नाही, कार्ड काढता येतं.

मग अ‍ॅक्शन स्क्रूचा टॉर्क. मोठ्या रायफलीत हे फारसं जाणवत नाही, .22 मध्ये फार जाणवतं. लाकडी दस्त्यात मी 2 न्यूटन-मीटरपासून सुरू करतो आणि 0.3 च्या पायरीने वर जातो, दर पायरीला 10 गोळ्यांचे दोन ग्रुप. पुस्तिकेतल्या कमाल आकड्यापुढे मात्र कधीच नाही. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. बऱ्याच रायफलींत एक ठराविक टप्पा असा येतो की ग्रुप आवळतो आणि पुढच्या पायरीला पुन्हा पसरतो. तो आकडा दस्त्याच्या आत पेन्सिलने लिहून ठेवा.

टॉर्क बदलला की ग्रुप फार उड्या मारत असेल, किंवा बोटाच्या चाचणीत अ‍ॅक्शन वाकताना जाणवली असेल, तरच बेडिंग. बेडिंग म्हणजे अ‍ॅक्शन आणि लाकूड यांच्या मधली जागा घट्ट इपॉक्सीने, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या लुकणाने, भरून अ‍ॅक्शनचा अचूक साचा तयार करणं, आणि स्क्रूच्या भोकांत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या बसवणं, म्हणजे स्क्रू लाकडाला चिरडत नाहीत. यात दोन चुका घातक असतात. एक, अ‍ॅक्शनला रिलीज एजंट किंवा मेण नीट न लावणं आणि तिच्यातल्या खाचा, भोकं प्लॅस्टिसिनने न बुजवणं. इपॉक्सी त्यात शिरून घट्ट झालं की अ‍ॅक्शन दस्त्यात कायमची अडकते. दुसरी चूक जास्त सूक्ष्म आहे: इपॉक्सी सुकताना स्क्रू जोरात आवळणं. मग जो ताण काढायला निघालो, तोच साच्यात कायमचा ओतला जातो. स्क्रू फक्त टेकेपर्यंत, बॅरलभोवती टेपचे थर देऊन ती मधोमध धरायची आणि चोवीस तास हात लावायचा नाही.

आता काडतुसं. माझ्या मते तुमच्या 30 मिलिमीटरपैकी सर्वांत मोठा वाटा इथे आहे.

सेंटरफायर, म्हणजे काडतुसाच्या तळाच्या मध्यावर पिन आपटते अशा मोठ्या, रायफलीचा नेमबाज परदेशात स्वतः काडतुसं भरून बॅरलला काय आवडतं ते शोधू शकतो. .22 मध्ये ते होत नाही. प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा मसाला, काडतुसाच्या तळाच्या कडेत, पोकळ रिममध्ये भरलेला असतो. तिथे मसाला सगळीकडे सारखा पसरला की पेटणं सारखं, नाहीतर दर गोळीचा वेग वेगळा. त्यात गोळी मऊ शिशाची, तिच्यावर बाहेरून मेण. यातलं काहीही आपल्याला घरी सुधारता येत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट आहे: निवड.

वेगातल्या फरकाने काय होतं ते पाहा. स्टँडर्ड काडतुसाची गोळी साधारण 325 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि 50 मीटरला सुमारे 0.16 सेकंदात पोहोचते. तेवढ्यात ती 12 सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्तच खाली येते. वेगात 10 मीटर प्रतिसेकंदाचा फरक पडला तर टार्गेटवर 7-8 मिलिमीटरचा उभा फरक पडतो. म्हणजे दहाच्या कडेवर गेलात, फक्त काडतुसामुळे. स्वस्त डब्यात 15 मीटर प्रतिसेकंदाचा फरक मी क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, बघितला आहे. आणि हाय-व्हेलॉसिटी काडतुसं टार्गेटसाठी घेऊच नका. ती आवाजाच्या वेगापेक्षा जोरात निघतात आणि वाटेतच त्या वेगाच्या सीमेवर मंदावतात, तिथे गोळी डगमगते. स्टँडर्ड आणि मॅच काडतुसं आधीच आवाजाच्या खाली चालतात, ती मुद्दाम तशी बनवलेली आहेत.

लॉट म्हणजे एकाच मशीनवर, एकाच मसाल्याने, सलग बनलेली खेप. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, एकाच किमतीचा डबा, पण लॉट वेगळा, तर तुमच्या बॅरलमध्ये ग्रुप 16 चा 26 होऊ शकतो. माझ्या शेजारच्या लेनवर ज्या लॉटने सुंदर मारलं जातं, तो माझ्या रायफलीत सरासरीच्या खाली होता. दोन्ही रायफली एकाच मॉडेलच्या. म्हणूनच बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांची लॉट तपासायची रेंज आहे. तिथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, ती शिकंज्यात बसवून एकामागून एक लॉट चालवले जातात आणि जो बसतो त्याची खोकी विकत घेतली जातात.

आपल्याकडे दुकानात दहा लॉट मांडून ठेवलेले नसतात. लायसन्स, कोटा, आयात, सगळ्याची मर्यादा आहे. तरी मिळतील तितक्या लॉटचे दोन-दोन डबे आधी घ्या, एकदम खोकी उचलू नका. एसके स्टँडर्ड प्लस, लापुआ सेंटर-एक्स, एली क्लब आणि एली मॅच, आरडब्ल्यूएसचं मधल्या किमतीचं एखादं, असा पट्टा ठेवा. टेनेक्स किंवा आर50 सारख्या महागड्या काडतुसांनी सुरुवात करायची गरज नाही. साध्या कारखानी बॅरलचा चेंबर सैल असतो, कुठलंही काडतूस अडकू नये म्हणून तो तसा ठेवलेला असतो. अशा चेंबरमध्ये महागड्या आणि मधल्या काडतुसातला फरक अनेकदा दिसतच नाही. मधल्या दर्जाचा योग्य लॉट हा उच्च दर्जाच्या चुकीच्या लॉटला हरवतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यावर वाद घालत नाही.

चाचणी अशी करा. ब्रँड बदलला की पहिल्या 15 गोळ्या मोजायच्या नाहीत. बॅरलमध्ये आधीच्या काडतुसाच्या मेणाचा थर असतो, नव्या मेणाचा थर बसायला तेवढ्या लागतात. मग 10-10 चे तीन ग्रुप. वारा पडलेला असताना, शक्यतो सकाळी लवकर. पहिल्या फेरीत 14 आणि 16 च्या सरासरीमध्ये निवड करू नका, तो फरक पुढच्या शनिवारी उलटा येऊ शकतो. 15 आणि 22 असेल तर मात्र निवडा. उरलेल्या दोन-तीन लॉटची दुसऱ्या दिवशी, क्रम उलटा करून पुन्हा चाचणी. जिंकलेला लॉट तुमच्या लायसन्सवर मिळेल तेवढा घ्या, लॉट नंबर डब्यावर तपासून. एलीच्या डब्यावर लॉटबरोबर वेगाचा आकडाही छापलेला असतो, तोही वहीत टिपा. पुढचा लॉट शोधताना सुरुवात तिथून करता येते.

रिमची जाडी मोजून काडतुसं निवडणं, वजन करून निवडणं, हे उद्योग मी दोन वर्षं केले. चांगल्या मॅच काडतुसात त्याने मला काहीच मिळालं नाही. ते तास ड्राय फायरिंगला, म्हणजे काडतूस न भरता ट्रिगर ओढायच्या सरावाला, दिले असते तर गुण वाढले असते.

साफसफाईवर लोक भांडतात, मी माझी पद्धत सांगतो. .22 च्या बॅरलमध्ये शिसं फारसं त्रास देत नाही. त्रास देते ती चेंबरच्या पुढच्या तोंडाशी, काडतुसाचं टोक संपतं तिथे बसणारी कडक काजळीची कडी. ती काचेसारखी होते, गोळी रायफलिंगमध्ये, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार खाचांत, शिरताना खरवडली जाते आणि ग्रुप हळूहळू उघडत जातो. इतका हळू की महिनोन्महिने कळत नाही. वापरलेली रायफल घेतली असेल तर ही कडी आहे असंच धरून चला. कार्बन विरघळवणारं द्रावण नायलॉनच्या ब्रशवर घेऊन त्या जागी दहा मिनिटं राहू द्या, मग ब्रश फिरवा, पॅच ओढा, गरज पडल्यास पुन्हा. मी हे साधारण 300 गोळ्यांनी करतो. बाकी बॅरलला दिवसाच्या शेवटी दोन-तीन पॅच पुरतात. रॉड नेहमी मागून, बोर गाइड (रॉड सरळ धरणारी नळी) लावून. पुढून घातलेला रॉड क्राउन घासतो, आणि क्राउन म्हणजे बॅरलची ती शेवटची कड जिथे गोळी रायफलीचा निरोप घेते. तिथे एका बाजूला बारीक खरचटा असला तर वायू त्या बाजूने आधी सुटतो आणि गोळी ढकलली जाते. भिंगाखाली क्राउन पाहा, कापसाची काडी कडेवरून गोल फिरवा. धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे.

क्राउन खराब निघाला तर ते काम घरी किंवा ओळखीच्या लेथवाल्याकडे अजिबात करू नका. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदुकीची दुरुस्ती लायसन्स असलेल्या कारागिरानेच करायची असते, आणि लायसन्सशिवाय बॅरल आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. बॅरल कायद्याने शस्त्राचाच भाग धरली जाते. परवानाधारक आर्मररकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिराकडे, जा, काम कागदावर नोंदवून घ्या. एका होतकरू मुलाची रायफल मी जप्तीत सहा महिने पडलेली पाहिली आहे. तो हंगाम त्याचा कायमचा गेला.

ट्रिगरबद्दल थोडक्यात. ट्रिगर हलका केल्याने रायफल अचूक होत नाही, तुम्ही होता. पिशवीवरच्या ग्रुपवर त्याचा परिणाम थोडा, प्रोनमध्ये जास्त. कारखान्याने दिलेल्या स्क्रूने जेवढं कमी होतं तेवढंच करा. सीअरला, म्हणजे ट्रिगरमधल्या पिन अडवून धरणाऱ्या भागाला, कानस लावू नका. वजन कमी केल्यावर रिकामी रायफल कॉक करून टाच जमिनीवर ठेवलेल्या रबराच्या जाड तुकड्यावर जरा जोराने आपटा, बोल्ट जोरात बंद करा. ट्रिगर सुटला तर स्क्रू परत. आणि रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर करण्याआधी पुस्तिका वाचा. पुष्कळ .22 रायफलींत पिन सरळ चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथे खळगा पडतो. त्या खळग्याने पुढे काडतूस अडकतं, पेटणं बिघडतं. वापरलेलं केस घालून, दर वेळी थोडं फिरवून ड्राय फायर करा.

आता तुमचा स्वतःचा वाटा. 1 मीटर प्रतिसेकंदाचा आडवा वारा, म्हणजे गालाला जेमतेम जाणवणारी झुळूक, .22 च्या गोळीला 50 मीटरवर 6-7 मिलिमीटर बाजूला नेते. बालेवाडीला दुपारी बाराला ग्रुप मारून रायफलीला नावं ठेवणारे नेमबाज मी खूप पाहिले. झेंडे लावा, निदान लेनच्या मध्यावर एक आणि टार्गेटजवळ एक, रिबिनीचा तुकडासुद्धा चालेल. झेंडे एका स्थितीत असतानाच ट्रिगर सोडा. पॅरिसला 2024 मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभ्याने) कांस्यपदक मिळवलं, पण पात्रता फेरीत त्यांचे गुण 590 होते आणि त्यात प्रोनचे 200 पैकी 197. त्या पातळीच्या रायफलीने, त्या पातळीच्या लॉटने प्रोनमध्ये तीन गुण जातात. त्यामुळे तुमचा प्रत्येक नऊ रायफलीच्या नावावर टाकू नका. गोळी सुटताना ती कुठे गेली असेल ते मनाशी म्हणा, मग स्कोपमध्ये पाहा. तुम्ही ‘उजवीकडे नऊ’ म्हणालात आणि ती तिथेच असेल तर तो नऊ तुमचा. तुम्ही ‘दहा’ म्हणालात आणि ती खाली आठात असेल, असं दहातून दोनदा होत असेल, तर रायफल आणि काडतूस.

बॅरलचा प्रश्न शेवटी ठेवला तो मुद्दाम. वर सांगितलेलं सगळं केलंत, निदान सहा लॉट चालवले, तरी सरासरी 22-23 च्या खाली येत नाही, तर बॅरल किंवा चेंबरवर संशय घ्यायला हरकत नाही. त्याआधी एक चाचणी बाकी राहते, आणि ती मी कुणालाही चुकू देत नाही. तुमच्याच रेंजवरच्या एखाद्या चांगल्या नेमबाजाला, रेंज ऑफिसरच्या परवानगीने आणि नियमांत राहून, तुमच्या रायफलीने तुमच्याच निवडलेल्या लॉटचे तीन ग्रुप मारायला सांगा. मग त्याच्या रायफलीने, त्याच्या लॉटने तुम्ही तीन मारा. त्याचे ग्रुप तुमच्या रायफलीने 15 वर आले आणि तुमचे त्याच्या रायफलीने 25 वर, तर बॅरलचे पैसे पोझिशन, जॅकेट आणि कोचकडे वळवा. दोघांचेही तुमच्या रायफलीने 25 वर आणि त्याच्या रायफलीने 14 वर आले, तर वहीतले सगळे कागद घेऊन आर्मररकडे जा. त्याला ‘अचूकता कमी आहे’ एवढंच सांगू नका. कागद त्याच्यासमोर ठेवा, आधी क्राउन आणि मग चेंबर बघायला सांगा, आणि ते दोन्ही बरे निघाले तरच नव्या बॅरलबद्दल बोला.